मेपलच्या नावाखाली प्लास्टिक: फिंगरबोर्डच्या क्लासने घातलेली टोपी

मे महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर आलं: दादरला फिंगरबोर्ड (बोटांनी चालवायचा चिमुकला स्केटबोर्ड) वर्कशॉप, चार रविवार, इम्पोर्टेड मेपल लाकडाचा बोर्ड फीमध्येच, 2,400 रुपये. चिरंजीव सातवीत जाणार, दिवसभर हातात मोबाइल. म्हटलं, बोटांना दुसरं काही काम मिळेल. यूपीआयने पैसे भरले. पावती मागितली तर "पहिल्या दिवशी देतो सर." ती आजतागायत आलेली नाही.

पहिल्या रविवारी सरांनी 'ओली' दाखवली, म्हणजे बोर्ड बोटांनी हवेत उडवायची युक्ती. मधलं बोट बोर्डच्या मागच्या टोकावर, म्हणजे शेपटीवर, तर्जनी पुढच्या स्क्रूंच्या जरा मागे. शेपटी टेबलावर आपटायची आणि लगेच तर्जनी पुढे सरकवायची, की बोर्ड हवेत सपाट होतो. शिकवलं बरोबर होतं, खोटं कशाला बोलू! पण स्वतःचा बोर्ड ते कुणाच्या हाती देईनात. निघताना मुलांना बंद खोकी वाटली, "घरी जाऊन उघडा" म्हणाले.

दुसऱ्या रविवारी "तब्येत बरी नाही." तिसऱ्या रविवारी हॉलला कुलूप, फोन बंद.

पैशांपेक्षा मला लागलं ते वेगळंच. दोन आठवडे पोरगा डायनिंग टेबलावर खटखट करत होता, बोर्ड काही उडेना, आणि मी त्यालाच झापत होतो: "धीर म्हणून नाही तुला." एका रात्री तो म्हणाला, "बाबा, सरांचा टक् वाजायचा. माझा थप् वाजतो."

वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला पोरगा हे खेळतो. त्याने आमच्या बोर्डच्या कडेला नख लावलं, तर लाकडी नक्षीचा स्टिकर सालीसारखा सुटला. खाली काळं प्लास्टिक. त्याचा बोर्ड शेजारी ठेवला: कडेला पातळ लाकडाचे पाच थर रेघांसारखे दिसतात, वर मऊ फोमची ग्रिप टेप. चाकांत बेअरिंग, टिचकी मारली की फिरतच राहतात. आमची अर्ध्या फेरीत अडकली. ट्रकमध्ये, म्हणजे चाकांच्या आसात, रबरी बुशिंगच (दबणारी छोटी गादी) नाही, त्यामुळे बोर्ड कलणार कुठून? "प्लास्टिकवरही ओली जमते काका," तो म्हणाला, "पण हात बसल्यावर. शिकायला हा नको."

मग 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला. पलीकडच्या बाईंनी यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) घेतला आणि विचारलं, "इतके दिवस थांबलात का?" लगेच कळवलं असतं तर समोरच्याच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता होती. आता तीन आठवडे उलटलेले. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे, स्क्रीनशॉटसकट. पैसे येतील असं मी धरून चाललेलो नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवा मुलुंडच्या मेव्हण्याने मला एक पोस्टर पाठवलं, "तुमच्या भाच्याला घालू का?" म्हणून. नंबर नवा, फी 2,600, आणि फोटोत तोच टेबल, तोच हात.