म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं नाताळचं गोडधोड : वाटायला काय घ्यावं

डिसेंबरात गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळीवाल्यांच्या बाजूला एक मावशी घरी केलेलं नाताळचं गोड घेऊन बसतात. पाटी नाही, दुकान नाही. "चाखून पळय गो बाय" म्हणत आधी हातावर तुकडा ठेवतात, मग भाव सांगतात. चव अव्वल. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या नेवऱ्या (करंज्या) सगळ्या इमारतीत जातात, म्हणून नाताळातही काही वाटावं, एवढ्यासाठी मी घेतलं होतं.

लहान मुलांच्या हातून वाटायचं तर कुलकुल घ्या. नारळाच्या दुधात मळलेला मैदा, फणीवर वळून तळलेला. खुसखुशीत, गोडीला बेताचा. माझी सहा वर्षांची लेक वाटी घेऊन निघाली. पहिल्या दारात तिच्या मुठीतून जेमतेम दोन कुलकुल सुटले. वरच्या मजल्यावरच्या मुलाने एक कानाला लावून "शंख!" म्हटलं, तशी ही खो खो हसली आणि अख्खी वाटीच त्याच्यापुढे धरली. तिथून पुढे मूठ भरभरून निघू लागली.

बेबिंका म्हणजे गोव्याची थराथरांची मिठाई. तिला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. पारंपरिक बेबिंकेचे सात थर, एक भाजला की त्यावर दुसरा ओतायचा, विस्तव वरून. मावशींची तुपाळ आहे, जायफळ नेमकं. पातळ काप करा, जड असते.

पण बेबिंकेत अंड्याचा बलक, कुलकुलातही अंडं. तळमजल्यावरच्या आजी शाकाहारी. "मग आजींना काहीच नाही?" लेकीचा चेहरा उतरला. दोदोल होता! तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचं दूध. अंडं नाही, हे मावशींना विचारून घेतलं होतं. तो तिचा सर्वांत लाडका, मोठा तुकडा स्वतःसाठी लपवलेला. तोच घेऊन धावली. आजींनी मोडून अर्धा तिच्याच तोंडात घातला, आणि दोघी जिन्यावर बसून चिकट बोटं चाटत राहिल्या. इतकी खूश मी तिला वाढदिवसालाही पाहिलेली नाही.

एकच तक्रार : पिशव्या फार पातळ. दोदोलाचं तेल झिरपून माझी भाजी माखली. घरून डबा न्या, सकाळी लवकर जा. कुलकुल हिशेबापेक्षा अर्धा किलो जास्त घ्या. वरच्या मजल्यांना पुरत नाहीत.