जुन्या औतांच्या खरेदीत झालेली आमची फसवणूक

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत मी ३१ वर्षे शिकवले. गावात बैलजोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असून तिफण (तीन फणांचे पेरणीचे औत) कशी असते हे सातवीतल्या मुलाला चित्र काढून सांगावे लागते, म्हणून निवृत्तीनंतर शाळेच्या एका रिकाम्या खोलीत बैलांच्या शेतीची जुनी औते मांडावीत असा विचार मी ग्रामस्थांपुढे ठेवला. लोकांनी वर्गणी दिली. त्यात शेतमजुरी करणाऱ्या बायांचेही पैसे होते. त्या रकमेतून महामार्गालगतच्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही एक लोखंडी नांगर ३८,००० रुपयांना, एक तिफण १४,००० रुपयांना आणि एक कुळव (नांगरलेली माती भुसभुशीत करायचे औत) ९,००० रुपयांना घेतला. तिन्ही औते शंभर वर्षांहून जुनी आहेत, असे त्याने आम्हा चौघांसमोर सांगितले होते. त्यांतले एकही तसे नाही.

नांगराच्या दांडीवर ‘किर्लोस्करवाडी १९०३’ अशी अक्षरे कोरलेली पितळी पट्टी होती आणि एवढी किंमत आम्ही मान्य केली ती त्या पट्टीमुळेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला आणि लोखंडाने जमीन नासेल या भीतीने सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार होईनात, ही हकीकत मी स्वतः वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. ते साल दिसताच माझा विश्वास बसला. त्या क्षणी मला एवढेच आठवायला हवे होते की, १९०३ मध्ये त्यांचे काम बेळगावात चालत होते. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये, औंध संस्थानाने कुंडलजवळचा माळ दिल्यानंतर. जे गाव तेव्हा वसलेलेच नव्हते, त्याचे नाव त्या सालच्या नांगरावर कसे येईल? ही माहिती मला होती आणि तरीही मी ती तिथे वापरली नाही, याचे दुःख पैशांपेक्षा मोठे आहे.

पट्टीवरून संशय आल्यावर आम्ही नांगर उन्हात काढून नीट पाहिला. पट्टी ज्या रिबिटांनी बसवली होती ते खिडक्यांच्या चौकटींना हल्ली वापरतात तसले ॲल्युमिनियमचे पोकळ रिबीट होते. बिडाच्या जुन्या औजारावर कारखान्याचे नाव असलेच, तर ते बहुधा साच्यातूनच उठावाच्या अक्षरांत आलेले असते. वरून पट्टी ठोकण्याची गरज नसते. दांडी आणि खालचा भाग यांच्या सांध्यात वेल्डिंगचे मणी स्पष्ट दिसत होते, त्यांवर काळा रंग फासलेला होता. गंज सगळीकडे सारखा नारिंगी होता आणि बोट फिरवले की बोटाला लागत होता. वर्षानुवर्षे चढलेला गंज गडद तपकिरी आणि घट्ट बसलेला असतो. सगळ्यांत मोठी गोष्ट झिजेची. नांगर जमिनीत चालला असेल, तर फाळाचे टोक आणि माती पालथी करणारे वाकडे पाते झिजून गुळगुळीत होते, मातीच्या वाटेने त्यावर ओरखडे उठतात, आणि जिथे माती पोचत नाही तिथे मूळची जाडी शिल्लक राहते. आमच्या नांगराचे टोक आणि वरचा बोल्ट सारखेच गंजलेले होते, झीज कुठेच नव्हती. त्या नांगराने शेतात एक तासही (नांगराची रेघ) काढले नसावे.

तिफणीचे खोटेपण मला दिसले नाही. ते आमच्या गावच्या ८० वर्षांच्या सुतारनानांनी दाखवले. त्यांनी आधी चाड्यात (बी टाकायच्या लाकडी वाटीत) बोटे घातली, मग फण (जमिनीत जाणारे दाते) मोजले आणि म्हणाले, “गुरुजी, चाड्याला भोकं चार अन् फण तीन. चवथ्या भोकातलं बी कुठं पडायचं?” चाड्याच्या वाटीतून प्रत्येक फणाला एक नळी जाते, म्हणजे भोकांची संख्या फणांइतकीच असावी लागते; आमचे चाडे दुसऱ्या कुठल्या तरी चार फणांच्या पाभरीचे (पेरणीच्या औताचे) होते आणि ते इथे आणून बसवले होते. मग नानांनी रुमण्यावर (औत हाकताना हातात धरायच्या दांड्यावर) तळहात फिरवला. ज्या रुमण्यावर एका माणसाने पंधरा-वीस पेरण्या केल्या आहेत, ते हाताच्या पकडीच्या जागी काचेसारखे गुळगुळीत होते आणि बाकी ठिकाणी खरखरीत राहते. आमचे रुमणे टोकापासून बुडापर्यंत एकसारखे घासलेले होते, कारण ते पॉलिश पेपरने घासलेले होते.

लाकडाबद्दल नानांनी जे सांगितले ते इतरांच्याही उपयोगी पडेल. आमच्या भागात औते बाभळीची होत, कारण ती चिवट असते आणि बांधावर मिळते. व्यापाऱ्याने ‘अस्सल जुने सागवान’ म्हणून जास्त पैसे घेतले, पण कुणब्याने औताला सागवान घालणे आमच्याकडे दुर्मिळच. कुळवाच्या दिंडाच्या (आडव्या जाड लाकडाच्या) एका कोपऱ्यात ओला फडका घासला तेव्हा तपकिरी रंग उतरला आणि खाली पांढरे, ताजे लाकूड निघाले. त्या कुळवाची जानोळी (फास म्हणजे आडवे लोखंडी पाते धरणारे लाकडी दाते) तारखिळ्यांनी पक्की केलेली होती. जुना सुतार तिथे पाचर ठोकत असे, कारण फास लोहाराकडे न्यायची तर औत खोलावे लागते. फासेची धारही पूर्ण जाडीची होती, कडा कुठेही गोलावलेल्या नव्हत्या.

आम्ही पैसे परत मागितले. व्यापाऱ्याने पावती काढायला सांगितली. तिच्यावर लिहिले होते, ‘सजावटीच्या लाकडी व लोखंडी वस्तू, नग ३’. वय नाही, ठिकाण नाही, कुठला भाग नंतर बदलला आहे याचा उल्लेख नाही. पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला, तेव्हाही हाच अडथळा आला. तोंडी बोलणे सिद्ध कसे करणार, असे आम्हांला विचारण्यात आले. म्हणून माझी विनंती आहे की, वस्तूचे सांगितलेले वय आणि मूळ गाव पावतीवर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि पैसे बँकेमार्फतच द्यावेत. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परवाना लागतो. शंभर वर्षांचा दावा करणाऱ्याकडे तो परवाना पाहायला मागावा. आमच्या व्यापाऱ्याला आम्ही तो मागितलाच नव्हता.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका जत्रेच्या बाजारात मी तशीच पट्टी पुन्हा पाहिली, वेगळ्या नांगरावर. पट्टी साधारण चार बोटे रुंद आहे, अक्षरे यंत्राने कोरलेली आणि एकसारख्या खोलीची आहेत, चारही कोपऱ्यांना पोकळ रिबीट आहेत, आणि ‘१९०३’ मधल्या शून्याला डावीकडे बारीक चीर आहे. शून्याची ती चीर आमच्या पट्टीवरही आहे.