दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: मधुमेह नसलेल्या तरुणांना कितपत उपयोगी?

जेवणातल्या कर्बोदकांमुळे रक्तातली साखर कशी चढते-उतरते, हे पाहायला दंडावर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या या सेन्सरइतके चांगले साधन घरी वापरता येण्याजोगे दुसरे नाही. पण केवळ त्याच्या आलेखावर आहार ठरवायला गेलात तर फसाल.

सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखाली साधारण 5 मिलिमीटर जातो. तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, थेट रक्तातली नव्हे. त्यामुळे आकडा रक्ताच्या 5 ते 15 मिनिटे मागे असतो. साखर वेगाने चढत असताना बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाशी तो जुळला नाही, तर लगेच बिघाड समजू नका. पहिल्या दिवसाचे आकडे फारसे धरू नयेत. झोपेत दंडावर भार आला की साखर एकदम खाली गेल्यासारखी दिसते. कूस बदलली की आकडा पूर्ववत होतो. क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेने काही सेन्सर आकडा फुगवून दाखवतात, म्हणून माहितीपत्रक आधी वाचा. दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. त्वचेवर लोशन राहिले तर पट्टी मुदतीआधीच सुटते.

सेन्सर साधारण 10 ते 15 दिवस चालतो. हे दिवस नुसते आकडे बघण्यात घालवू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. शिजवलेल्या 180 ग्रॅम पांढऱ्या भातात सुमारे 50 ग्रॅम कर्बोदके असतात. एक दिवस तो नुसता खा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आधी भाजी आणि अंडी, मग तेवढाच भात. तिसऱ्या दिवशी पुन्हा नुसता भात, पण खाल्ल्यावर 15 मिनिटे चाला. दर वेळी शिखर किती उंच गेले, कधी आले आणि साखर मूळ पातळीवर यायला किती वेळ लागला, हे टिपून ठेवा. आदल्या रात्री झोप कमी झाली असेल तर त्या दिवसाची तुलना बाद धरा. जोरकस व्यायामात साखर काही वेळ वाढते, ते स्वाभाविक आहे. निरोगी माणसाचा आकडाही जेवणानंतर थोडा वेळ 140 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ओलांडतो. घाबरून भात सोडण्याचे ते कारण नव्हे. उपाशीपोटी आकडा वारंवार 100 च्या वर दिसला, तर मात्र प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. निदान सेन्सरवरून होत नाही.

खरी उणीव पुढे आहे. सेन्सर फक्त ग्लुकोज मोजतो, फ्रुक्टोज नाही. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो आणि तो मुख्यतः यकृतात जातो. गोड पेये रोज आणि भरपूर प्यायली तर यकृत त्यापासून चरबी बनवते, रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढते आणि सोबत एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटण्याकडे कल असतो. ग्लुकोजच्या आलेखात यातले काहीच दिसत नाही. उलट टोकही तितकेच फसवे. कर्बोदके जवळपास बंद करून लोणी, साय, चीज वाढवले की आलेख सपाट होतो आणि माणूस खूश होतो. पण संपृक्त चरबीमुळे यकृत रक्तातले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) कमी उचलते, आणि काही सडपातळ, तंदुरुस्त तरुणांतही ते बरेच वाढते.

म्हणून आमचे मत: एक सेन्सर जरूर लावून पाहा, पण लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडच्या चाचणीच्या, जोडीने. खाण्याविषयी आधीच धास्ती असेल, तर तो टाळलेलाच बरा. आहार बदलण्यापूर्वी एक लिपिड चाचणी करा आणि दुसरी 6 ते 8 आठवड्यांनी. सेन्सरची मुदत संपताच केलेल्या चाचणीत बदल पुरता उतरलेला नसतो. ओट्समधला बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू दिवसाला 3 ग्रॅम, म्हणजे सुमारे 75 ग्रॅम कोरड्या ओट्समधून, मिळाला तर एलडीएल थोडे उतरते आणि साखरेचे शिखरही बोथट होते. दोन्ही चाचण्या एकाच प्रयोगशाळेत, 12 तास उपाशी राहून करा. अनेक ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर ते गणित चुकते, तेव्हा थेट मोजलेले एलडीएल मागून घ्या.