सिडनीला मुलांकडे निघालात? यातलं कोणतं मॅक्वॉरी बघायचं ते आधी ठरवा

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर ‘मॅक्वॉरी’ हे नाव शोधून बघा. सिडनी शहरात मॅक्वॉरी स्ट्रीट आहे, उत्तरेला पोर्ट मॅक्वॉरी, दोघांच्या मध्ये लेक मॅक्वॉरी, टास्मानियात मॅक्वॉरी हार्बर आणि त्याच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, मॅक्वॉरी आयलंड. नदी वेगळी, दीपगृह वेगळं, विद्यापीठ वेगळं. मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिन्यांसाठी गेलेले आई-वडील इथे हमखास गोंधळतात. कुणी सांगतं पोर्ट मॅक्वॉरी बघाच, दुसरं कुणी म्हणतं मॅक्वॉरी हार्बरची बोट चुकवू नका, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोघं एकाच गावाबद्दल बोलताहेत. त्या दोन ठिकाणांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

ही सगळी नावं ज्याच्यावरून पडली तो लॅकलन मॅक्वॉरी १७६२ साली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उल्वा या लहानशा बेटावर जन्मला. मॅक्वॉरी हे त्या बेटावरच्या कुळाचं आडनाव. १८१० ते १८२१ तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. त्याआधीची बरीच वर्षं त्याने हिंदुस्थानात सैन्यात काढली, त्यातली पुष्कळ मुंबईत. टिपूविरुद्धच्या १७९२ आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमांत तो होता. १७९३ मध्ये त्याचं पहिलं लग्न मुंबईतच झालं, जेन जार्विसशी. तीन वर्षांत ती मकावला क्षयाने गेली. त्याने तिचा देह जहाजाने मुंबईला आणला आणि जानेवारी १७९७ मध्ये इथे तिचं दफन केलं.

माझं मत आधीच सांगते. वेळ आणि पैसा एकाच मोठ्या सहलीपुरता असेल, तर सिडनीतला मॅक्वॉरी स्ट्रीट आणि टास्मानियातलं मॅक्वॉरी हार्बर ही जोडी निवडा. इंग्लंडहून शिक्षा होऊन आलेल्या कैद्यांवर विश्वास टाकला तेव्हा काय उभं राहिलं ते या रस्त्यावर दिसतं, आणि त्यांना मोडायचंच ठरवलं तेव्हा काय झालं ते त्या हार्बरमधल्या बेटावर. ऑस्ट्रेलिया म्हणजे ऑपेरा हाऊस आणि कांगारू एवढंच बघून परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. नातवंडं लहान असतील किंवा गुडघे दुखत असतील तर मात्र उत्तर बदलतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

मॅक्वॉरी स्ट्रीट: एका दिवसाचं काम

सिडनीत राहणाऱ्याला यासाठी वेगळी सहल काढावी लागत नाही. सेंट जेम्स किंवा मार्टिन प्लेस स्टेशनला उतरा आणि हाइड पार्कच्या टोकापासून चालायला लागा. पहिलीच इमारत हाइड पार्क बरॅक्स. ही १८१९ मध्ये कैद्यांना राहण्यासाठी बांधली, आणि तिचा आराखडा काढणारा फ्रान्सिस ग्रीनवे हासुद्धा कैदीच होता. खोटा दस्तऐवज केल्याच्या गुन्ह्यात त्याला इंग्लंडहून पाठवलेलं. मॅक्वॉरीने त्याच्यातला वास्तुविशारद हेरला, कामं दिली, शिक्षेतून सूट दिली. पुढे हाच माणूस ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आला. आत तिसऱ्या मजल्यावर कैद्यांच्या टांगलेल्या झोळ्यांची रांग पुन्हा उभी केली आहे. आणखी एक गोष्ट आवर्जून बघा: जमिनीच्या फळ्यांखाली उंदरांनी वर्षानुवर्षं ओढून नेलेल्या चिंध्या, कागद, छोट्या वस्तू. संशोधकांना या इमारतीतल्या सामान्य माणसांचं जगणं कळलं ते बरंचसं त्या उंदरांच्या बिळांमुळे. २०१० पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पुढे मिंट म्हणजे जुनी टांकसाळ, सिडनी हॉस्पिटल आणि राज्याचं संसदभवन एका ओळीत येतात. मिंट आणि संसदभवन हे मुळात एकाच मोठ्या रुग्णालयाचे दोन बाजूंचे भाग. १८११ मध्ये सरकारकडे बांधकामाला पैसे नव्हते, म्हणून मॅक्वॉरीने ठेकेदारांना रोख रकमेऐवजी रम आयात करण्याचा मक्ता दिला. लोक अजूनही त्याला रम हॉस्पिटल म्हणतात. नाण्यांचा तुटवडा भासला तेव्हाही त्याने अशीच युक्ती केली: १८१३ मध्ये चाळीस हजार स्पॅनिश डॉलर घेऊन प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडलं, कडं पाच शिलिंगांना आणि मधली टिकली पंधरा पेन्सना चालवली. एका नाण्याची दोन झाली, आणि भोक पडलेलं नाणं वसाहतीबाहेर नेऊन उपयोग नसल्याने पैसा टिकला.

रस्ता संपतो तिथून रॉयल बोटॅनिक गार्डन ओलांडून मिसेस मॅक्वॉरीज चेअरला जा. खाडीच्या टोकावरच्या खडकात कैद्यांनी गव्हर्नरच्या दुसऱ्या बायकोसाठी, एलिझाबेथसाठी, खोदलेलं हे आसन. ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज एकाच चौकटीत येतात म्हणून इथे कायम गर्दी. तिकीट नाही. संध्याकाळी या, ऊन मागून येतं आणि पूल काळा दिसतो. आसन मुख्य पायवाटेला लागूनच आहे, त्यामुळे चढउताराची काळजी करू नका.

मॅक्वॉरी दीपगृह वेगळ्या दिवशी करा. ते शहराच्या पूर्व टोकाला, समुद्राच्या कड्यावर आहे. सर्क्युलर की वरून फेरीने वॉटसन्स बे गाठून चालत जाता येतं. ग्रीनवेने १८१८ मध्ये बांधलेलं मूळ दीपगृह ऑस्ट्रेलियातलं पहिलं. दगड ठिसूळ निघाला, तो झडू लागला, म्हणून १८८३ मध्ये शेजारीच जवळपास तशाच घाटाचं नवं उभारलं. आज दिसतं ते हे दुसरं. समुद्राची हौस असेल तर जा. इतिहासासाठी म्हणाल तर बरॅक्स पुरेसे आहेत.

हाइड पार्कमध्ये मॅक्वॉरीचा पुतळा आहे, २०१३ सालचा. त्याच्यापुढे उभं राहताना एक गोष्ट माहीत असावी. १८१६ मध्ये याच गव्हर्नरने आदिवासींविरुद्ध सैनिकांच्या तुकड्या पाठवल्या, आणि १७ एप्रिलला सिडनीच्या नैर्ऋत्येला ॲपिनजवळ निदान चौदा जण मारले गेले, त्यांत बायका आणि मुलंही होती. रात्रीच्या हल्ल्यात काही जण कड्याकडे पिटाळले जाऊन खाली कोसळले. कैद्यांना माणूस समजणारा हा अधिकारी ज्यांची जमीन घेतली त्यांच्या बाबतीत तसा वागला नाही. रस्ता बघायचा तर हेही बघायला हवं.

पोर्ट की हार्बर?

खरी निवड इथे आहे, कारण दोन्हीकडे मुक्काम करावा लागतो.

पोर्ट मॅक्वॉरी सिडनीच्या उत्तरेला साधारण ३९० किलोमीटर, गाडीने चार-साडेचार तास, रस्ता उत्तम. हेस्टिंग्ज नदीच्या मुखावर १८२१ मध्ये मॅक्वॉरीनेच इथे कैद्यांची वसाहत सुरू केली. सिडनीत पुन्हा गुन्हा केला की इथे रवानगी. कैद्यांनी बांधलेलं १८२८ सालचं सेंट थॉमस चर्च अजून उभं आहे. १८२० च्या दशकात इथे ऊस लावून साखर काढायचे प्रयोगही झाले, हे आपल्याकडच्या ऊसवाल्यांना ऐकायला आवडेल. पण आजचं पोर्ट मॅक्वॉरी हे सुट्टीचं गाव आहे. टाउन ग्रीनपासून टॅकिंग पॉइंट दीपगृहापर्यंत सुमारे नऊ किलोमीटरची किनारी पायवाट, जिचे लहान तुकडेही करता येतात. सी एकर्सच्या वर्षावनातून जाणारा लाकडी मार्ग. बंदराच्या बांधावरचे खडक लोकांनी रंगवून, नावं लिहून, आठवणी लिहून टाकलेत. आणि कोआलांचं रुग्णालय, १९७३ पासून चालू असलेलं. २०१९ च्या वणव्यात भाजलेले कोआला इथेच उपचाराला आणले होते. पाच-सात वर्षांच्या नातवंडाला घेऊन एकच ठिकाण करायचं असेल तर हे रुग्णालय मी कुठल्याही प्राणिसंग्रहालयापेक्षा वर ठेवेन. मे ते नोव्हेंबर किनाऱ्यावरून देवमासेही दिसतात.

मॅक्वॉरी हार्बर हे याच्या अगदी उलट. आधी विमानाने होबार्ट, तिथून स्ट्रॅहन गावापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर, पण घाटवळणांमुळे पाच तास धरा. क्वीन्सटाउनला उतरताना तांब्याच्या खाणींनी बोडके केलेले डोंगर लागतात. पाऊस भरपूर, थंडी भर उन्हाळ्यातही. ज्यांना वळणावर मळमळतं त्यांनी विचार करून जावं.

आणि तरीही मी हेच सुचवते. हे हार्बर सिडनी हार्बरच्या जवळजवळ सहापट मोठं, पण समुद्राकडचं तोंड अरुंद आणि उथळ. त्याचं नाव ‘हेल्स गेट्स’, नरकाची दारं. आत सारा आयलंडवर १८२२ ते १८३३ तुरुंग होता. तो सुरू व्हायच्या महिनाभर आधीच मॅक्वॉरी पदावरून गेला होता. लंडनहून चौकशीला आलेल्या कमिशनर बिग यांना तो कैद्यांशी फार उदार वागतो, इमारतींवर फार खर्च करतो असं वाटलं होतं; त्यानंतरच्या काळाचं चित्र सारा आयलंडवर दिसतं. चाबूक, कायम ओले कपडे, कंबरभर पाण्यात उभं राहून ओंडके ओढणं. अंदमानच्या कोठड्या बघितलेल्या मराठी माणसाला इथे फार समजावून सांगावं लागत नाही. अलेक्झांडर पिअर्स इथून सात जणांबरोबर पळाला आणि जंगलात उपासमारीत साथीदारांना मारून खाऊन जगला. वाटाडे ही कथा सविस्तर सांगतात, त्यामुळे लहान मुलांना बरोबर नेताना जपून.

याच कैद्यांनी ह्युऑन पाइनच्या लाकडाची उत्तम जहाजं बांधली. हे झाड अतिशय हळू वाढतं, दोन हजार वर्षांहून जास्त जगतं, आणि त्याच्यातल्या तेलामुळे लाकूड पाण्यात कुजत नाही. तुरुंग बंद झाल्यावर, १८३४ मध्ये, मागे ठेवलेल्या कैद्यांपैकी दहा जणांनी स्वतः बांधलेलं ‘फ्रेडरिक’ जहाज पळवलं आणि पॅसिफिक ओलांडून चिली गाठलं.

दिवसभराची बोट हेल्स गेट्स दाखवते, सारा आयलंडवर उतरवते आणि गॉर्डन नदीत शिरते. नदीचं पाणी झाडपाल्यामुळे कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण वारा नसेल तर दोन्ही काठांचं जंगल त्यात उलटं उभं. या खोऱ्यात धरण होणार होतं. १९८२-८३ मध्ये हजारो लोक स्ट्रॅहनला जमले, नदीत नावा घालून वाट अडवून बसले, पकडले गेले, आणि १९८३ मध्ये हाय कोर्टाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, निकालाने धरण थांबलं. एखादा दिवस जास्त असेल तर स्ट्रॅहन–क्वीन्सटाउन वाफेची गाडी घ्या. तीव्र चढावर इंजिनाचं दातेरी चाक रुळांमधल्या दातेरी पट्टीत अडकून वर चढतं.

खाण्याचं सांगायला हवं. स्ट्रॅहन लहान गाव, शाकाहारी माणसाचे हाल होऊ शकतात. कोरडे पदार्थ न्या, पण फळं आणि भाज्या नेऊ नका. टास्मानियात त्या आणायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

बाकीची

लेक मॅक्वॉरी सिडनीहून गाडीने दीड-दोन तास. खाऱ्या पाण्याचं सुमारे ११० चौरस किलोमीटरचं सरोवर, सिडनी हार्बरच्या दुप्पट. १८०० साली कप्तान विल्यम रीड कोळसा आणायला निघाला आणि हंटर नदी समजून चुकून इथे शिरला. १८२६ पर्यंत याचं नाव ‘रीड्स मिस्टेक’च होतं. काठच्या आवाबकाल लोकांसाठी ते आवाबा. बघण्यासारखं ठळक असं इथे थोडंच: स्वान्सीचा उघडणारा पूल, ओहोटीच्या वेळी केव्ह्ज बीचच्या गुहा, आणि जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट फर्नली ट्रॅक. पण आजी-आजोबांना घेऊन डबा बांधून जायचं, पाण्याकाठी बसायचं आणि रात्री घरी परतायचं, यासाठी वरच्या सगळ्यांपेक्षा हेच बरं.

मॅक्वॉरी नदीसाठी, जिला वाम्बूल हेही नाव अधिकृतपणे आहे, मुद्दाम जायची गरज नाही. डबोचं प्राणिसंग्रहालय किंवा १८१५ मध्ये मॅक्वॉरीने वसवलेलं बॅथर्स्ट करणार असाल तर ती वाटेत भेटतेच. पक्षिनिरीक्षकांनी मात्र पुढच्या मॅक्वॉरी मार्शेस या पाणथळीची चौकशी करावी. विद्यापीठात मूल शिकत असेल तर मेट्रोने जाऊन या, नसेल तर सोडा.

मॅक्वॉरी आयलंड म्हणजे निराळाच हिशेब. टास्मानियाच्या आग्नेयेला सुमारे १५०० किलोमीटर, ३४ किलोमीटर लांब, जेमतेम पाच रुंद. विमान नाही, मुक्काम नाही. काही मोजक्या मोहीम-जहाजांतूनच, परवानगी असेल तर आणि समुद्राने उतरू दिलं तर. खर्च माणशी कित्येक लाख. पृथ्वीच्या कवचाखालचा खडक समुद्रावर उचलला जाऊन उघडा पडलेला बघायला मिळतो, म्हणून १९९७ मध्ये याला जागतिक वारसा ठरवलं. रॉयल पेंग्विन प्रजननासाठी इथेच येतात. सील मारणाऱ्यांनी आणलेले ससे आणि त्यांच्या जहाजांतून आलेले उंदीर यांनी बेट पोखरलं होतं. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून आणि प्रशिक्षित कुत्र्यांनी माग काढून ते संपवले, २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. भूगर्भशास्त्राची किंवा पक्ष्यांची ज्याला आयुष्यभर ओढ आहे त्याने साठवलेले पैसे इथे घालावेत. इतरांनी आधी हार्बर बघावं.

कुणाची लेक सिडनीऐवजी ब्रिटनमध्ये असेल तर मॅक्वॉरीची कबर स्कॉटलंडमधल्या मल बेटावर ग्रुलिनला आहे. ओबानहून फेरीने क्रेगन्युअरला पाऊण तास लागतो. तिथल्या जमिनीला त्याने जार्विसफील्ड नाव दिलं होतं, मुंबईत पुरलेल्या पहिल्या बायकोवरून. १७९५ मध्ये कोचीनला गुलाम म्हणून विकत घेतलेला एक मुलगा, ज्याचं नाव त्याने जॉर्ज जार्विस ठेवलं, त्याच्यासोबत सिडनीला गेला आणि पुढे मलपर्यंतही.

शेवटी महिन्यांचं. आपल्याकडच्या मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मॅक्वॉरी स्ट्रीट आणि पोर्ट मॅक्वॉरी धरावं. तेव्हा तिकडे हिवाळा असतो, उत्तरेचा किनारा सौम्य राहतो आणि देवमासे असतात. दिवाळीनंतर जाऊन डिसेंबर ते मार्च राहणार असाल तर हार्बरची बोट घरून निघण्यापूर्वीच आरक्षित करा आणि भर उन्हाळ्यातही स्वेटर व रेनकोट बॅगेत ठेवा.