रबाळ्यातली एमपीआय जॉबवर्क सेवा: तपासणी चोख, रिपोर्ट अर्धवट

रबाळे एमआयडीसीतल्या या छोट्या युनिटमध्ये फोर्जिंगची (डायमध्ये ठोकून घडवलेल्या भागांची) वेट फ्लूरोसंट एमपीआय नगावर करून मिळते, म्हणजे जॉबला चुंबकत्व देऊन, अतिनील दिव्याखाली हिरवे चमकणारे लोहकण मिसळलेला द्रव ओतून पृष्ठभागावरचे क्रॅक शोधतात. कनेक्टिंग रॉड, स्टब ॲक्सल, हुक असे जॉब बिनधास्त द्यावेत.

आधी हेड शॉट (जॉबमधूनच करंट सोडणं), मग कॉइल (जॉबभोवतीच्या वेटोळ्यातून करंट), असं दोन्ही दिशांनी चुंबकत्व देतात. चुंबकरेषांना समांतर गेलेला क्रॅक दिसतच नाही, त्यामुळे एका शॉटवर भागवणारा स्वस्तातला पर्याय टाळलेलाच बरा. शिफ्टच्या सुरुवातीला सेटलिंग ट्यूबमध्ये 100 मिली बाथ (तो कणांचा द्रव) घेऊन खाली बसलेले कण बघतात. ते 0.1 ते 0.4 मिली हवेत; कमी पडले तर बारीक क्रॅक उजळत नाही, जास्त झाले तर अख्खा जॉबच हिरवा दिसतो. शेवटी डीमॅगही करतात, म्हणजे उरलेलं चुंबकत्व काढतात.

घोडं अडतं ते रिपोर्टवर. ‘लॅप, रिजेक्ट’ एवढंच लिहून काय उपयोग? डायमध्ये धातू स्वतःवरच दुमडतो, मध्ये ऑक्साइडची पपडी अडकते आणि घडी जुळत नाही, तो लॅप. टेन्साइल टेस्टला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराखाली मात्र फटीग क्रॅक त्याच्याच बुडातून सुरू होतो. क्वेंच-टेंपर करून कडक केलेल्या पोलादात धोका आणखी. कॉन-रॉडच्या दांड्यावर लांबीच्या दिशेचा सीम (मूळ बारमधूनच आलेली लांबट बारीक फट) त्यामानाने सौम्य, आडवा लॅप घातक. पिळाचा भार घेणाऱ्या शाफ्टवर तो लांबीचा सीमही चालत नाही. म्हणून जागा, दिशा आणि लांबी रिपोर्टवर मागूनच घ्या, जमल्यास फोटोही.

खोली एमपीआयला कळत नाही. म्हणून फ्लॅप व्हीलने (सँडपेपरच्या पट्ट्यांच्या चाकाने), ताणाच्याच दिशेने, कडा उतरत्या ठेवत हलकं घासायचं. मशिनिंग अलाउन्सच्या (पुढे कापून काढायच्या जादा धातूच्या) आत दोष निघून गेला आणि पुन्हा एमपीआयला काही दिसलं नाही, तर जॉब वाचला. ग्राइंडर दाबून धरला, तर जळून नवेच क्रॅक पडतात.

डीकार्ब इथे सापडणार नाही. पृष्ठभागातलं कार्बन उडालं की क्रॅक नसतानाही फटीग ताकद घटते. त्यासाठी नमुना कापून, नायटलने (नायट्रिक ॲसिड-अल्कोहोलच्या द्रावणाने) एच करून मायक्रोहार्डनेस घ्यावी लागते, आणि ती सोय या युनिटकडे नाही.

बाथ पाण्याचा आहे. पावसाळ्यात जॉब देताना गंजरोधक तेलाचं चलनावरच लिहा, नाहीतर ओलेच हातात येतात.