पायाच्या बायपाससाठी मेंढीच्या कोलॅजनची नळी: कधी वापरावी, कधी नको

ओम्निफ्लो टू हा ग्राफ्ट (बंद धमनीला वळसा देऊन रक्त पुढे नेणारी नळी) म्हणजे पॉलिएस्टरची जाळी आणि तिच्याभोवती मेंढीच्या अंगातच वाढलेलं कोलॅजन. सिलिकॉनच्या दांड्यावर चढवलेली जाळी मेंढीच्या कातडीखाली काही आठवडे ठेवतात, मग काढून ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने पक्की करतात.

आमचं मत आधीच सांगतो: रुग्णाची स्वतःची सॅफिनस शीर (पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर) चांगली असेल, तर ही नळी उघडूही नये. गुडघ्याखालच्या बायपासमध्ये तिला शिरेची सर येत नाही, शीरच सरस ठरते. पायाचा रक्तपुरवठा गंभीररीत्या घटलेल्या रुग्णांवरच्या २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत सलग, चांगली शीर असलेल्यांमध्ये बायपास कॅथेटरच्या (धमनीत बारीक नळी घालून करायच्या) उपचारापेक्षा सरस ठरला. तशी शीर नसलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणून आधी दोन्ही पाय आणि हात सोनोग्राफीने नीट तपासा. साधारण ३ मिलिमीटरची शीर मिळाली, तर तीच घ्या.

नळीचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे: शीर अजिबात उरलेली नाही, किंवा जांघेतला कृत्रिम ग्राफ्ट पिकलाय आणि तो काढून पुन्हा रक्तपुरवठा द्यायचाय. जंतुसंसर्गाला ती कृत्रिम नळीपेक्षा बरी टिकते. गोठवून ठेवलेली दात्याची शीरही अशा वेळी वापरतात, पण ती लवकर बंद पडते आणि काही वेळा फुगते.

हाताळणीत मात्र ही नळी चुका माफ करत नाही. टिकवण्यासाठीचं द्रावण पूर्ण धुऊन काढा. टाका जाळीतून गेलाच पाहिजे. नुसतं कोलॅजन पकडलं की ते फाटतं आणि रक्त झिरपतं. थेट नळीवर क्लॅम्प लावू नका, भिंत चिरडते. ऊतींमधून पाडलेल्या बोगद्यातून ओढत नेऊ नका, पोकळ टनेलरमधून (बोगदा पाडायच्या नळीसारख्या अवजारातून) सरकवा. लांबी गुडघा सरळ ठेवून मोजा. मग वाकवून पाहा, कारण जास्त लांबीला मुरड पडते.

पहिल्या महिन्यात ग्राफ्ट बंद पडला, तर दोष बहुधा जोडणीत, मुरडीत किंवा खालच्या धमन्यांच्या अपुऱ्या प्रवाहात असतो. त्यानंतर दोनेक वर्षं जोडाशी आतला थर जाड होतो. पुढे मूळ आजारच वाढतो. डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर) ३०० सेंमी प्रति सेकंदाहून जास्त वेग ही शिरेच्या ग्राफ्टमधल्या गंभीर अरुंदीची खूण. या नळीत मात्र गुठळी पूर्वसूचनेशिवायही होऊ शकते. डॉपलर करताना नळीचा व्यासही मोजा, फुगवटा तिथेच कळतो.