मुलांना नीती शिकवताना: धर्माचा आधार की विवेकाचा?

मूल पाच-सहा वर्षांचे झाले की खोटे का बोलू नये, दुसऱ्याची वस्तू का उचलू नये, असे प्रश्न ते विचारू लागते आणि उत्तर देताना आईवडिलांना नकळत एक बाजू घ्यावी लागते. ‘देव बघतो, पाप लागते’ असे सांगायचे, की ‘तुझ्या वागण्याने समोरच्याचे काय झाले ते बघ’ असे म्हणायचे? ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे अशा पालकांसाठी ही तुलना आहे. श्रद्धावान माणसे अधिक चांगली की नास्तिक, हा वाद मात्र तिच्यात घेतलेला नाही, कारण सज्जन आणि लबाड दोन्हीकडे सापडतात आणि त्यावरून पालकांच्या हाती काहीच लागत नाही. नियम कोठून येतो, तो अंगवळणी कसा पडतो आणि तो चुकीचा निघाला तर दुरुस्त कसा होतो, हे तीन प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. त्यातही तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याचे घेऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही स्त्रीशिक्षणाचे व विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, दोघेही बालविवाहाच्या विरोधात होते आणि मुलींशी शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला दोघांचाही पाठिंबा होता. रानडे प्रार्थना समाजाचे, एकेश्वरवादी. संतांच्या भागवत धर्मात त्यांना सुधारणेचे मूळ दिसत होते आणि सदसद्विवेकबुद्धी हा ईश्वराचाच आवाज आहे अशी त्यांची धारणा होती. आगरकर अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे, मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांवर पोसलेले, आणि माणसाचे सुखदुःख हीच आचाराची कसोटी मानणारे. पाया इतका वेगळा असूनही निष्कर्ष बहुतेक ठिकाणी एकच निघाला. तेव्हा ‘देव मानला नाही तर मूल बिघडेल’ ही भीती आणि ‘देव मानला तर मूल मागासलेले राहील’ ही भीती, दोन्ही बाजूला ठेवता येतात.

फरक पडतो तो वाटेत. नियम ग्रंथातून किंवा परंपरेतून येतो असे मानले की त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न लगेच उभा राहतो. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. विधवा मुलींच्या दुःखाविषयी दुमत नव्हते. पण चर्चा दुःखाची नव्हतीच, वचनांची होती. विवेकवादी माणसाला हा वळसा घ्यावा लागत नाही. कोणाला इजा होते, कोणाचा हक्क हिरावला जातो, एवढे त्याला थेट विचारता येते. मात्र ज्या समाजाचा कान शास्त्रवचनालाच ओळखतो त्याला हा युक्तिवाद परका वाटतो, आणि म्हणून रानड्यांची भाषा जेथे पोचली असती तेथे आगरकरांची पोचत नव्हती, हेही मान्य करावे लागते.

आता दुरुस्तीचा प्रश्न. चोखामेळ्याचे अभंग वारकऱ्यांच्या ओठी शतकानुशतके राहिले, पण चोखोबांना देवळाच्या आत जाता आले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. म्हणजे चूक दुरुस्त व्हायला सहाशे वर्षे लागली. पण ती दुरुस्त करणारा माणूस भाविक होता आणि त्याचा युक्तिवादही भक्तीच्याच पोटातला होता: संतांचा देव कोणाला नाकारील कसा? धर्मातही स्वतःला तपासण्याची साधने असतात, हे या घटनेतून दिसते. ती वापरायला मात्र विलक्षण नैतिक ताकदीचा माणूस लागतो, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात झालेल्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यासारखा इहवादी आधारही लागतो.

विवेकाची वाट अधिक वेगाने दुरुस्त होते, पण ती घसरतही तितक्याच वेगाने. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कोणाचे नुकसान होत नसेल तर कृती अनीतिमान कशी, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. आणि तरीही १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा भारत सरकारचा अधिकृत कार्यक्रम झाला. धर्मसंस्थेत एवढा मोठा बदल तीस वर्षांत क्वचितच घडतो. पण हाच कार्यक्रम आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीपर्यंत गेला. एकूण समाजाचे हित हा हिशेब तेथेही होता; ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची त्याची संमती तेवढी हिशेबातून गळाली होती. म्हणून विवेकावर नीती उभारणाऱ्याने ‘सर्वांचे भले’ एवढ्यावर थांबू नये. काही हक्क कोणत्याही बेरजेत मोडता येत नाहीत, हेही मुलाला शिकवावे लागते.

सवय लावण्याच्या बाबतीत धर्माचे पारडे उघडपणे जड आहे. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटते, एकादशी येते, वारी ठरते, आणि हे सारे एकट्याने निभवायचे नसते. दिंडी असते, गावचा हरिनाम सप्ताह असतो, माळ घालून दारू प्यायलेल्याला चारचौघांत जाब विचारणारी माणसे असतात. मोह अनावर झालेल्या क्षणी युक्तिवाद आठवत नाही, संगत आठवते. चुकलेल्याला परत येण्यासाठी धर्माकडे प्रायश्चित्त असते. विवेकवाद्याला माफी आणि भरपाई यांवरच काम भागवावे लागते. आगरकरांना हे सारे नव्हते. त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली गेली, आणि आपल्यामागे कोणावर भार नको म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते असे सांगतात.

या संगतीची किंमतही सांगितली पाहिजे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहाबद्दल पुढे रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाला पोचणाऱ्या माणसाची ही अवस्था, तर वाळीत टाकलेल्या गरीब कुटुंबाची काय होत असेल? जातपंचायतींचे बहिष्कार रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आधार देणारी मंडळीच दार बंद करू शकतात.

दोन रकान्यांत न बसणारा एक पर्यायही आहे आणि महाराष्ट्रात तो लाखो घरांत जगला जातो. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात स्वीकारलेल्या धम्मात ईश्वराच्या जागी नीती आहे. आणि तरीही दीक्षा आहे, बावीस प्रतिज्ञा आहेत, विहार आहे, वंदना आहे. विवेकाला संगतीची जोड देण्याचा एवढा विचारपूर्वक प्रयत्न दुसरा क्वचित दिसेल. बौद्ध नसलेल्या पालकांनाही त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे.

माझा कल विवेकाकडे आहे, कारण ज्या नियमाला ‘का’ विचारता येत नाही तो चुकला तर घरात कोणालाच कळत नाही. पण ही वाट कष्टाची आहे. दर वेळी कारण सांगावे लागते, दमल्याभागल्या संध्याकाळीही. आणि मुलाला चांगुलपणाची सामूहिक सवय लागावी म्हणून रक्तदान, सेवा दल, वाचनालय, असे काही ना काही शोधावे लागते. एवढा वेळ देता येणार नसेल तर केवळ देवघर काढून टाकल्याने विवेक येत नाही, नुसती पोकळी राहते. धर्माची वाट घेणाऱ्यांनी शिक्षेच्या भीतीवर मात्र भिस्त ठेवू नये. सोळाव्या वर्षी देवावरचा विश्वास डळमळला तर भीतीवर टांगलेला नियम त्याच्याबरोबर जातो, आणि संतांच्या चरित्रांतून रुजलेली करुणा बहुधा टिकते. सरकारी शाळेवर ही जबाबदारी टाकता येणार नाही, कारण पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाचे अनुच्छेद २८ मनाई करते.

राहता राहिले ते आजी माळकरी आणि आईवडील नास्तिक असे घर. महात्मा फुले यांनी तर आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असे एकोप्याने राहणारे कुटुंब कल्पिले होते. त्या मानाने आपली अडचण लहान आहे. आजीला मुलासमोर खोडून काढू नये. वडीलधाऱ्यांशी आधीच बसून दोन गोष्टी ठरवाव्यात: पापाची धास्ती कोणी घालायची नाही आणि मुलाने ‘का’ विचारले तर कोणी रागवायचे नाही. एवढे पाळले जात असेल तर संध्याकाळचा हरिपाठ चालू राहायला हरकत नसावी.